पुणे मध्ये की पुण्यात?

२१ ऑगस्ट २०२५
दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागली की मी चिडचिडी होते, असं घरच्यांचं म्हणणं. आज पहिला गठ्ठा आला. एका कथेतला नायक दोन ‘दर्या’ ओलांडून शाळेत जातो. लेखकाने बिचाऱ्याने दऱ्याच लिहिल्या असणार. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणला की अर्ध्या ‘र’ची अशी वाट लागते. पुढच्या पानावर लग्नघर आहे आणि तिथे ‘आचार्यांनी जिलब्या तळल्या’. विनोबा आणि अत्रे दोघे शेजारी शेजारी कढईपाशी उभे राहिलेले दिसले. समासात ‘आचाऱ्यांनी’ केलं आणि पुढे गेले. असल्या चुकांचा मला राग येत नाही. त्या यंत्राच्या असतात, वाचणाऱ्याला हसवतात आणि दुरुस्त केल्या की विषय संपतो.

२४ ऑगस्ट
संपादकांचा सकाळीच फोन. ‘ताई, परीक्षेतली वेलांटी पहिली की दुसरी? इथे पैज लागलीय.’ दुसरी. ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण ही सगळी त्याच घरातली माणसं. अपेक्षा आणि उपेक्षाही तिथल्याच, फक्त त्यांची ‘ई’ आधीच्या ‘अ’मध्ये मिसळून ‘ए’ झाली. हे एकदा नीट सांगितलं तर पोरं जन्मात चुकणार नाहीत. पण शाळेत कारण सांगत नाहीत, शब्द दहादा लिहायला लावतात.

याहून गंमत अर्धवट शिकलेल्यांची. ‘महत्त्व’मध्ये दोन ‘त’ असतात, कारण तो महत् अधिक त्व आहे, हे कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं. मग ते ‘नेतृत्त्व’, ‘प्रभुत्त्व’, ‘कर्तृत्त्व’ असे दिसेल तिथे ‘त’ वाढत सुटतात. न शिकलेला एकाच ठिकाणी चुकतो, हा तीन ठिकाणी. फुकटच्या कान्याचंही तेच: पारंपारिक, कोट्याधीश, दुरावस्था. (पारंपरिक, कोट्यधीश, दुरवस्था.) आणि जिथे काना हवा तिथून तो नेमका काढून घेतलेला. कोपऱ्यावरच्या ‘उपहारगृहा’पुढून जाताना मला रोज वाटतं, आत जाऊन विचारावं. उपाहार म्हणजे फराळ, उपहार म्हणजे भेट. पाटीप्रमाणे मिसळ फुकटच मिळायला हवी.

२७ ऑगस्ट
गणेश चतुर्थी. प्रुफांना सुट्टी, पण डोळ्यांना सुट्टी कशी देणार? कोपऱ्यापासून मंडपापर्यंत फ्लेक्स. ‘आशिर्वाद’ सगळीकडे. ‘गुरूकृपा’ रिक्षेवर, दुकानावर, टेम्पोवर. एकटा ‘गुरू’ मराठीत दीर्घ, समासात गेला की ऱ्हस्व: गुरुकृपा, कविराज, मंत्रिमंडळ. लक्ष्मीबाई टिळकांचं पुस्तकही ‘स्मृतिचित्रे’ आहे. त्याची ‘स्मृतीचित्रे’ केलेली मी चांगल्या चांगल्या लेखांत पाहिली आहेत. फ्लेक्सवरच्या भावी नगरसेवकाला हा नियम ठाऊक नसला तर मी समजू शकते. साहित्यावर लेख लिहिणाऱ्याला नसावा, हे मात्र समजत नाही.

३० ऑगस्ट
आज खरा संताप. एका अंकात पानभर जाहिरात: ‘आता पुणे मध्ये आपले स्वप्नातील घर’. जाहिरातीला हात लावायचा नाही, असा दंडक आहे. तिचे पैसे येतात.

‘पुणे मध्ये’. ‘ठाणे मध्ये’ जोरदार पाऊस. ‘सातारा मध्ये’ भरती. ‘गोवा मध्ये’ सुट्टी. हे होतं कसं तेही मला माहीत आहे. संगणकात गावांची नावं एका रकान्यात भरलेली असतात, ‘मध्ये’ दुसऱ्या रकान्यात, आणि यंत्र दोन्ही शेजारी आणून ठेवतं. हिंदीत ‘पुणे में’ चालतं, तिथे गावाच्या नावाला काही होत नाही. मराठीत होतं. मराठी नाम प्रत्यय अंगाला लावून घेण्याआधी जरा वळतं: घोडा–घोड्याला, विहीर–विहिरीत, पाणी–पाण्यात, सातारा–साताऱ्यात. नाशिकची जुनी माणसं अजून ‘नाशकात’ म्हणतात. हेच सामान्यरूप.

लोक वेलांटीवरून भांडतात आणि हे डोळ्यांदेखत जातंय त्याकडे बघत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ आपण शाळेत शिकतो. साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चार घातले, सरकारने ते मानले. म्हणजे ते माणसांनी बसून ठरवलेले आहेत आणि उद्या बदलतीलही. त्याआधी आपण ‘नांव’, ‘कांहीं’ लिहीत होतोच. ती न बोलली जाणारी टिंबं गेली, कुणाचं काही अडलं नाही. पण ‘पाण्यात’ आणि ‘घोड्याला’ कुठल्या समितीने ठरवलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली बाईसुद्धा ‘विहीर मध्ये’ म्हणत नाही, तिचं अडीच वर्षांचं पोरही म्हणत नाही. ते आता शिकलेली माणसं म्हणायला लागली आहेत, कारण त्यांच्या फोनवर तसं येतं.

२ सप्टेंबर
मागच्या विषयाला फाटा फुटला. संपादन विभागातला नवा मुलगा ‘गोखलेंचा’ असं लिहितो. मी ‘गोखल्यांचा’ करते, तो परत ‘गोखलेंचा’ करतो. शेवटी म्हणाला, ‘गोखल्यांचा म्हणजे एकेरी वाटतं हो, ताई.’ मी त्याच्यापुढे नियम ठेवला. त्यात ‘फडके–फडक्यांना’ असं उदाहरणच दिलेलं आहे. ‘अत्र्यांचा मराठा’ म्हणताना कुणी अत्र्यांचा अपमान केला नव्हता आणि कुणी केला असता तर तो अत्र्यांकडून सुटला नसता.

तरी विचार करता मुलाचं थोडं पटतं. जिवंत माणसाचं आडनाव त्याचं त्याने ठरवावं. वर्तमानपत्रांत ‘ठाकरेंनी’ इतकं रुळलंय की ‘ठाकऱ्यांनी’ छापलं तर वाचक दुसरंच कुणी समजतील. तेव्हा तह असा झाला: हयात असलेल्यांना ‘एं’, गेलेल्यांना ‘यां’. नामदार गोखले माझ्या वाट्याला आले.

४ सप्टेंबर
भाचीने लंडनहून एक बातमी पाठवली, जुनीच. लिंकनशायरमधल्या बॉस्टन गावात जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने २००१ साली अपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी संस्था काढली होती. म्हणजे अक्षरांच्या डोक्यावर बसणारा तो स्वल्पविराम. भाजीवाले टोमॅटोच्या अनेकवचनात तो उगाच घालतात, आणि जिथे हवा तिथे कुणी देत नाही. आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या इंग्रजी पाटीवरही केक्सच्या ‘एस’आधी तो आहे. रिचर्ड्स यांना संस्था काढली त्याच वर्षी गमतीचं इग नोबेल मिळालं. २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस जिंकले असं सांगून त्यांनी संस्थेला कुलूप लावलं. पुढे दुसऱ्यांनी ती पुन्हा चालू केली.

म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटला. पण इंग्रजी वाक्यातून ते चिन्ह पडलं तरी वाक्य बहुतेक वेळा उभं राहतं, कारण बोलताना ते ऐकूच येत नाही. सामान्यरूप ऐकू येतं. ते गेलं की मराठी कानाला परकी लागते.

५ सप्टेंबर
शाळेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत ‘शिक्षक दीन’. सध्याचे पगार पाहता दुरुस्त करावं की नाही, कळेना.

९ सप्टेंबर
एका शेतकऱ्याच्या आठवणी आल्या आहेत, त्यांनी स्वतः वहीत लिहिलेल्या. ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘पानी’, ‘आनि’. वरती संपादकांची चिठ्ठी: ‘शुद्ध करावे.’ मी काहीही केलं नाही. फक्त टंकताना दोनदा पडलेला शब्द काढला आणि विरामचिन्हं घातली. या माणसाच्या साऱ्या मजकुरात एकही ‘मध्ये’ सुटा पडलेला नाही. ‘बांधावरनं’, ‘मोटंला’, ‘पाटाच्या पान्यात’. सगळी नामं कशी व्यवस्थित वळलेली. ‘आनि-पानी’ची टिंगल करणारे, आणि त्यांत आमच्या पेठांमधले बरेच, स्वतः ‘माझी मदत कर’, ‘मला जेवण भेटलं’, ‘तो माझ्यावर हसला’ असं बोलतात. मला मदत कर, जेवण मिळालं, तो मला हसला. ‘पानी’ ही बोली आहे. ‘माझी मदत कर’ ही हिंदी आहे, कपडे फक्त मराठी. संपादकांना फोन करून सांगितलं की ‘शुद्ध’ हा शब्दच नको, ‘प्रमाण’ म्हणा, आणि आठवणींना प्रमाणाची गरज नसते. ‘बरं’ म्हणाले. ते ‘बरं’ म्हणतात तेव्हा मनात पुढच्या लेखाचा विचार चालू असतो, पण मजकूर तसाच गेला, म्हणजे झालं.

१२ सप्टेंबर
शेवटचा गठ्ठा परत केला. त्या जाहिरातदारांना मी परस्पर फोन लावला होता. दंडक मोडलाच. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मॅडम, मजकूर वरून तयार येतो, आम्ही फक्त शहराचं नाव बदलतो.’ कुठल्या ‘वरून’, ते तिलाही ठाऊक नव्हतं. घर ‘पुणे मध्ये’च छापून येणार.

सोसायटीची सूचना, दुकानाची पाटी, बारशाची पत्रिका लिहिताना वेलांटी अडली तर उपाय हाताशी आहेत. अरुण फडके यांचं ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ खरोखरच खिशात मावतं, आणि यंदा शंभरी गाठलेल्या यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ घरात असावाच. पण ‘मध्ये’, ‘ला’, ‘समोर’ सुटे पडू नयेत म्हणून कोशाची गरज नाही. लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचा. घरातल्या आजीला तुम्ही जसं सांगाल, तसंच पाटीवर रंगवा. आणि कुणी ‘ठाणे मध्ये शाखा’ असा मजकूर मंजुरीला पाठवलाच, तर परत पाठवा.