छपाईसाठी मॉनिटर निवडताना

फोटो संपादनाचा मॉनिटर निवडताना आधी पाहावा तो कागद. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद फक्त खोलीतला प्रकाश परतवतो. ‘प्रिंट काळपट आली’ ही लॅबमधली नेहमीची तक्रार बहुतेक वेळा इथूनच उगम पावते. नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस बहुधा २५० निट किंवा त्याहून जास्त असतो. छपाईच्या कामाला ८० ते १२० निट पुरतात. झगझगीत पडद्यावर सावल्यांतला तपशील आपोआप दिसतो, त्यामुळे तो उजळायची गरजच भासत नाही आणि कागदावर तो बुडतो. प्रस्तुत लेखकाचे काम लग्नाच्या अल्बमचे. ब्राइटनेस १०० निटच्या आसपास आणल्यावर वराच्या काळ्या शेरवानीची शिवण कागदावरही दिसू लागली. सुरुवातीला पडदा मळकट वाटतो. डोळे लवकरच सरावतात. काम याच पातळीवर करायचे, म्हणून कमी ब्राइटनेसवरही रंग न बिघडणारा मॉनिटर हवा.

पॅनेल आयपीएस प्रकारचेच घ्यावे. टीएन प्रकारच्या पॅनेलवर मान जरा हलली की रंग बदलतो, आणि व्हीएचा काळा गडद असला तरी बाजूने पाहताना गडद छटा सरकतात.

रंगांच्या व्याप्तीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेला एसआरजीबी हा सर्वसाधारण पडद्यांचा मापदंड. १९९८ चा अडोबी आरजीबी हिरव्या-निळ्या बाजूला त्याच्या बराच पुढे जातो. छपाईच्या सायन शाईचे काही रंग एसआरजीबीत मावत नाहीत. पैठणीच्या पदरावरचा मोर हे याचे नेमके उदाहरण. साध्या पडद्यावर त्याचा मोरपंखी रंग एकसपाट दिसतो. विस्तृत व्याप्तीच्या पडद्यावर त्याच फाइलमध्ये रेशमाच्या छटा सुट्या होतात, आणि चांगल्या इंकजेट कागदावरही त्या उतरतात. मात्र अल्बम छापणाऱ्या बऱ्याच लॅब एसआरजीबी जेपेगच मागतात. सगळे काम तिथेच जात असेल, तर अडोबी आरजीबीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. घरी इंकजेट असेल, तर ते जरूर मोजावेत. विस्तृत व्याप्तीच्या मॉनिटरला एसआरजीबी मोड असावा. नाहीतर कलर मॅनेजमेंट नसलेल्या प्रोग्रॅममध्ये चेहरे लालबुंद दिसतात.

२७ इंचांवर २५६० × १४४० पिक्सेल पुरेसे होतात. फोरकेवर अक्षरे रेखीव दिसतात, पण पिक्सेल इतके बारीक की शार्पनिंग किती झाले याचा अंदाज चुकू शकतो. फोरकेसाठीचा जादा पैसा पडद्याचे रंग मोजणाऱ्या कॅलिब्रेटरवर खर्चावा. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा, कॅलिब्रेटर काचेवर टेकवावा, शुभ्रबिंदू डी६५ आणि गॅमा २.२ ठेवावा. बॅकलाइट हळूहळू उतरत जातो, तेव्हा हे मोजमाप महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करावे. दुरुस्ती मॉनिटरच्याच तक्त्यात साठवणारे हार्डवेअर कॅलिब्रेशन असेल तर उत्तम. त्यात छटांच्या पायऱ्या तुटत नाहीत.

दुकानात डेमोचे भडक व्हिडिओ पाहून काही कळत नाही. पेनड्राइव्हवर एकसारख्या राखाडी रंगाची फाइल न्यावी, ती पूर्ण पडदाभर लावावी आणि चारही कोपरे न्याहाळावेत. एक कोपरा पिवळट किंवा निळसर दिसला तर तो मॉनिटर नाकारावा, कारण असा डाग साध्या कॅलिब्रेशनने जात नाही. सोबत स्वतःची एक छापलेली प्रिंट आणि तिची फाइलही असावी. फोटोशॉपमध्ये त्या कागदाचे प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा अंदाज, पाहावा, आणि प्रिंट पडद्याशेजारी पांढऱ्या, स्थिर उजेडात धरावी. त्वचेचा रंग आणि सावल्या दोन्हीकडे जवळपास सारख्या दिसल्या, तर तो मॉनिटर घ्यावा.