बोर्डीत ‘लोकल’ कोण?
शनिवारी डहाणू लोकल पकडायची (२०१३पासून ही मस्त सोय झालीय), पुढे रिक्षा, की आलं बोर्डी. सुरूच्या सावलीत चिकू सोलायचा आणि म्हणायचं, व्वा, अस्सल इथला माल!

पण थांबा. चिकू मूळचा मेक्सिकोकडचा. २०१६मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ म्हणून त्याला जीआय मिळालं, म्हणजे कागदोपत्रीही तो इथला झाला. सुरू बाहेरचा. बऱ्याच वाड्या इराणी कुटुंबांच्या, त्यांचे पूर्वज थेट इराणातून आलेले. मग इथलं उरलं कोण? चिकू उतरवणारे वारली. वाडी मात्र बहुधा दुसऱ्याच्या नावावर.

संध्याकाळी कामावरून परतणाऱ्या एका मावशींना विचारलं, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

त्या हसल्या. “इथलीच. तुम्ही कुठले?”