चुकणाराची काळजी

हुशार मनुष्य चुकत नाहीं, हा समज शिक्षकाच्या मनांत फार दिवस टिकत नाहीं. पहिला येणारा मुलगाहि जागरणानंतर साधी बेरीज चुकतो.

विमानांतील संगणकांच्या आज्ञावली लिहिण्यांत माझ्या पुतण्याचीं पंधरा वर्षें गेलीं. त्याच्याच तोंडून मीं मार्गारेट हॅमिल्टन या विदुषीची हकीकत ऐकली. अमेरिकेंतील एम. आय. टी.च्या प्रयोगशाळेंत त्या अपोलो यानांच्या आज्ञावलीचें काम पाहत. त्यांच्या लहान मुलीनें एकदां सरावाच्या यंत्राशीं खेळतांना भलत्या कळा दाबल्या. उड्डाण चालू असतांच उड्डाणापूर्वीची आज्ञा सुरू झाली आणि सारें कोलमडलें. बाईंनीं प्रतिबंध सुचविला. कसलेले अंतराळवीर असें चुकणार नाहींत, असें उत्तर मिळालें. डिसेंबर १९६८ मध्यें अपोलो ८ चंद्राहून परततांना जिम लॉव्हेल यांच्या हातून नेमकें तेंच घडलें! संगणकांतील दिशेची नोंद बिघडली. ती त्यांनीं तारे पाहून पुन्हां बसविली.

पुतण्या म्हणतो, "काका, विमान कसें उडेल यापेक्षां, काय बिघडेल आणि मग काय करावयाचें, हें लिहिण्यांतच आमचे अधिक दिवस जातात." ज्या प्रवाशांसाठीं हा खटाटोप, त्यांना तो कधींच कळत नाहीं. दुसऱ्याची चूक गृहीत धरून तिला आधींच आधार रचून ठेवणें हा अविश्वास नव्हे. ती आस्थाच होय.