उपडे झालेले भांडे

काही चुका चारचौघांत सांगितल्याशिवाय त्यांचे ओझे उतरत नाही. आम्ही गेली पंधरा-सोळा वर्षे कारकुनी सांभाळून समाजाचे काम करतो. जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, निराधार बायाबापड्यांचे अर्ज, जे जमेल ते. वस्तीत लोक 'भाऊ' म्हणून मान देतात. म्हणूनच ही गोष्ट लिहिताना हात अडखळतो. पण लिहिणे भाग आहे.

आमचे घर मुक्ताईनगरला. जुनी माणसे अजून एदलाबादच म्हणतात. दोन खोल्या, वर पत्रे. वस्तीत भुरट्या चोऱ्या वाढल्या म्हणून आम्ही एक पिल्लू आणले. धाकट्या मुलाने त्याचे नाव मोत्या ठेवले. त्याच आठवड्यात बाजारातून पट्टा व साखळी आणली आणि त्याला अंगणातल्या खांबाला बांधले. राखणीचे कुत्रे बांधलेलेच असायचे, असा आमचा समज. शिळी भाकरी टाकली, पाणी ठेवले की आपले कर्तव्य संपले. रात्री उगाच भुंकला तर दगड, पायात आला तर लाथ. त्यात काही वावगे आहे, असे घरात कोणालाच वाटले नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात भुसावळला नात्यातले लग्न होते. सकाळी निघताना सौ.ने जर्मनच्या पातेल्यात पाणी भरून मोत्यापुढे ठेवले. संध्याकाळी परतायचे होते, पण पाहुण्यांनी आग्रहाने मुक्काम करायला लावला. आपल्या जळगाव जिल्ह्यातला मे महिना वाचकांना सांगायला नको. पारा ४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या घराची भट्टी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो, तेव्हा पातेले उपडे पडले होते. त्यापासून हातभर अंतरावर, साखळीच्या टोकाला, मोत्या आडवा झालेला. सावली सरकून भिंतीपलीकडे गेली होती. त्याला मात्र सरकता येत नव्हते.

आम्ही त्याच्या तोंडात पाणी सोडले, अंगावर ओले गोणपाट टाकले. संध्याकाळी त्याचा जीव गेला. पुरण्यापूर्वी गळ्यातला पट्टा काढू म्हटले, तर निघेना. पिल्लाच्या मानेला घातलेला पट्टा तसाच राहिला होता आणि मान वाढली होती. पट्टा कातडीत रुतला होता, खाली जखम, जखमेत किडे. घरात आम्ही पाच माणसे. रोज त्याला पाहत होतो, पण कोणालाच दिसले नव्हते. नाल्याकाठी खड्डा करून त्याला पुरले. धाकटा त्या रात्री जेवला नाही आणि पुढचे आठ दिवस आमच्याशी बोलला नाही.

विहारात आम्ही दर रविवारी पंचशील म्हणतो. पहिले शील प्राण्यांची हत्या न करण्याचे. त्या रविवारी ते शब्द तोंडातून निघेनात. आम्ही काठीने मारले नव्हते, विषही घातले नव्हते. फक्त लक्ष दिले नव्हते. तेवढ्याने जीव जातो, हे आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळले.

कचेरीत कागद चाळायची सवय, म्हणून कायदाही वाचून काढला. १९६० साली संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या ११ व्या कलमात नुसती मारहाणच नाही. फार आखूड वा जड साखळीने बांधून ठेवणे, पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, पाळलेले जनावर सोडून देणे, हे सारे गुन्हे म्हटले आहेत. म्हणजे आम्ही गुन्हेगारच होतो. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? जनावराला ठार मारणे, विष घालणे किंवा पांगळे करणे याला भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि ज्या संविधानाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या ५१-क कलमात सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिले आहे. ही कर्तव्ये १९७६ साली घातली गेली.

हे सर्व आम्ही एका रविवारी वंदनेनंतर विहारात मांडले. मोत्याची हकीकतही लपवली नाही. तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठले व म्हणाले, "भाऊ, आपल्या पोरांना वसतिगृहात जागा मिळत नाही, अन् तुम्ही कुत्र्याचं घेऊन बसले? महाडला चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. ते विसरले का?"

सभा गप्प झाली. त्यांच्या बोलण्यात खोटे काही नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले ते त्यासाठीच. आम्हाला उत्तर सुचेना.

उत्तर दिले मागे बसलेल्या एका आजींनी. वय ऐंशीच्या पुढे. त्या बसूनच म्हणाल्या, "मी लहान व्हती तवा इहिरीपाशी घागर घेऊन उभी राहे. आम्हाले दोर लावू देत नव्हते. कोनी पानी टाकलं त टाकलं, नाही त उन्हात उभं राहा. दोर त्यायच्या हातात व्हता. या मुक्या जनावराचा दोर आता आपल्या हातात आहे. आपन कोनासारखं वागाचं, ते तुम्हीच सांगा."

आजींनी माणसाची जनावराशी तुलना केली नव्हती. ती तुलना ज्यांनी केली, त्यांच्याशी आपला झगडा आजही आहे. आजींनी बोट ठेवले ते दोर धरणाऱ्या हातावर. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांच्या औषधोपचाराबरोबर जनावरांच्या औषधोपचाराची नोंद केली. रस्त्याकडेला विहिरी खोदल्या, झाडे लावली, तीही दोघांसाठी. हातात सत्ता आल्यावर माणूस कसा वागतो, यावरून त्याचा धम्म कळतो. दारातल्या खांबाला बांधलेल्या जनावरापुढे आपल्या हातातही तेवढी सत्ता असते. वसतिगृहासाठी भांडायला आणि पातेल्यात पाणी घालायला वेगवेगळी मने लागत नाहीत.

त्या दिवसापासून तरुण मंडळाची चार-पाच मुले आणि आम्ही घरोघर फिरू लागलो. भाषण नाही, पत्रक नाही. पट्ट्याखाली दोन बोटे सहज जातात का, एवढे पाहायचे. तीन कुत्र्यांचे पट्टे रुतू लागले होते, एका बकरीचा दोरही. एका घरी पिंजऱ्यात पोपट होता. आपला हिरवा पोपट पाळायला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, हे त्या घराला ठाऊकच नव्हते. बुद्धपौर्णिमेला, ऐन वैशाखात, मातीच्या कुंड्या आणून अर्ध्या जमिनीत पुरल्या, म्हणजे लवंडत नाहीत. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड ठेवते. पाणी आणि सावली नसली की तेही साधत नाही.

सगळ्यांनी ऐकले असे नाही. "दाखले करा भाऊ, कुत्री मोजू नका," असे तोंडावर म्हणणारेही भेटले. काहींच्या लेकरांना कुत्री चावली होती. त्यांची भीती आम्ही खोटी म्हणणार नाही. पण दगड मारून रेबीज जात नाही. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचावी. कुत्रे चावलेच तर जखमेला मिरची, चुना लावू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि सांगितलेली सर्व इंजेक्शने पुरी करावीत. जनावराच्या जखमेत किडे पडले तर रॉकेल, फिनेल ओतू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

आमच्या दारात आता एक पांढरी कुत्री असते. आपणहून आली, आपणहून राहिली. तिच्या गळ्यात पट्टा आहे, पण साखळी नाही. धाकटा रोज संध्याकाळी न सांगता कुंडी भरतो. मोत्याचे नाव अजून काढत नाही, आम्हीही काढत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या दारात एखादे मुके जनावर बांधलेले असेल, तर हे पान खाली ठेवून जरा उठा. त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहा. आणि भांडे उपडे झाले नाही ना, तेही पाहा.