सदिच्छेतला दुजाभाव

बातम्यांमधला मुसलमानांविषयीचा दुजाभाव पुष्कळदा कौतुकाच्या वाटेने येतो. २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. राज्यातल्या अनेक गावांतल्या मुस्लिमांनी कुर्बानी पुढे ढकलली आणि वर्तमानपत्रांनी तोंडभरून कौतुक केले. निर्णय मोठ्या मनाचाच होता. मात्र ज्यांनी कुर्बानी त्याच दिवशी, आडोशाला, कुणाला न दुखवता केली, ते या कौतुकात आपोआप उणे ठरले.

२०२० मध्ये दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या मेळाव्याच्या निमित्ताने करोनाचे खापर एका समाजावर फुटले. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना माध्यमांतल्या अपप्रचारावरही बोट ठेवले. त्याच काळात पुण्यात मूलनिवासी मुस्लिम मंचाचे कार्यकर्ते करोनाने दगावलेल्या हिंदूंवर अग्निसंस्कार करत होते. त्याच्याही बातम्या आल्या. एकीकडे आरोप, दुसरीकडे शाबासकी. चांगुलपणाचा दाखला दोन्हीकडे मुसलमानालाच द्यावा लागला.

रोजच्या बातम्यांचे उदाहरण घ्या. पुण्यातल्या वारजे जलकेंद्रात दुरुस्ती निघाली की वारजेकरांचे पाणी बंद होते, महामार्गावर कोंडी झाली की वारजेकर अडकतात. त्यांत वारजे माळवाडीतले मुस्लिम कुटुंबही असते. पण वार्ताहर त्याच्या दारी जातो तो ईदला, शीरखुर्म्याचा वाडगा शेजारी देतानाचा फोटो घ्यायला. रिकाम्या हंड्याबद्दल त्यालाही काही सांगायचे असेल, हे वार्ताहराला सुचत नाही.

तुकोबांच्या पालखीची पहिली अभंग आरती देहूत अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. ऐक्याचे प्रतीक म्हणून ही बातमी दर वर्षी छापून येते. कथेतला हा फकीर अनगडशहा मात्र एवढा सोपा नाही. तो कटोरा घेऊन दारोदार फिरतो. तो कटोरा कशानेच भरत नाही, आणि तुकोबांच्या लहान मुलीने घातलेल्या चिमूटभर पिठाने भरून जातो. हाच फकीर, तुकोबांना विरोध करणाऱ्या रामेश्वर भटांनी त्याच्या बागेतल्या पाण्यात स्नान केले म्हणून भडकतो आणि शाप देतो. भटांच्या अंगाचा दाह होतो, तो पुढे तुकोबांच्या अभंगाने शमतो. म्हणजे या फकिराला राग आहे, हट्ट आहे, हार आहे. परंपरेने त्याला रागासकट ठेवून घेतले, दर्ग्यापाशी पालखी थांबवली. आजच्या बातमीत रागावलेल्या मुसलमानाला अशी जागा क्वचितच मिळते.

तरीही कौतुकाच्या बातम्या थांबवाव्यात, असे ठामपणे म्हणता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. वातावरण तापलेले असताना ती बातमी ठळक छापणारा संपादक जाणूनबुजून आगीवर पाणी टाकत असतो. एखाद्या मुस्लिम वाचकाला त्या कात्रणाचा खरोखर आधार वाटत असेल, तर त्याला त्यातला दुजाभाव दाखवून देण्याचा अधिकार कोणाचा, हे सांगणे अवघड आहे.