टेक्सासात चितळं आणि खंडानं घेतलेलं रान

टेक्सासमध्ये चितळं आहेत! प्राणिसंग्रहालयात नाहीत, मोकळ्या रानात आहेत, कळपानं आहेत, ताडोब्यात दिसतात तशीच ठिपक्यांची. आणि ते रान वर्षाच्या खंडानं घेता येतं! सहा जणांनी मिळून पैसे भरायचे, फाटकाची किल्ली खिशात टाकायची, की हवं तेव्हा आत. शिकारीच्या हंगामात बंदूक घेऊन जा, एरवी नुसतं हिंडायला जा. या दोन्ही गोष्टी मला एकाच शनिवार-रविवारात कळल्या आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, सध्या ऑस्टिनमध्ये राहते. दर नोव्हेंबरात ऑफिसमधली निम्मी मंडळी शुक्रवारी दुपारीच गायब व्हायची. कुठे, तर म्हणे ‘डिअर लीज’वर. या खेपेला एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मलाही बोलावलं. शिकारीचं प्रशिक्षण इथे सक्तीचं आहे. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते करावं लागतं. ते मी केलं, परवाना काढला, चांदमारीच्या मैदानावर रायफलीची सवय केली आणि निघाले लानो काउंटीकडे. हा मुलूख स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतो. ते म्हणणं किती खरं आहे, हे डोळ्यांनी पाहावं!

पहाटे अंधारातच आम्ही मचाणात शिरलो. मचाण म्हणजे खांबांवर उभी केलेली पत्र्याची खोली, चारी बाजूंना अरुंद खिडक्या. समोर गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, ओकची झाडं आणि त्यांच्यामध्ये निवडुंग. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडायला कायद्यानं मुभा आहे. पण त्या वेळात गोळीचा विचार कुणाला सुचतो! तिपाईवरच्या पिंपातून ठरल्या वेळी यंत्रानं मका उधळला आणि रान हललं. आधी दोन माद्या आल्या, पाठोपाठ या वर्षीची पिल्लं. मग टर्कींचा थवा. मग मान ताठ ठेवून एक नर आला. सगळी पांढऱ्या शेपटीची, इथली मूळची हरणं.

आणि मग ओढ्याकडून ती हाक आली. तीक्ष्ण, तुटक, एकामागून एक. ही हाक मी लहानपणापासून ओळखते! ताडोब्यात ती आली की गाईड जिप्सी थांबवतो आणि सगळे श्वास रोखून वाघाची वाट बघतात. इथे वाघ कधी नव्हताच, तरी चितळं तशीच ओरडत होती. झुडपांतून ती बाहेर आली तेव्हा मी सहकाऱ्याचा दंड घट्ट धरला होता. तो म्हणाला, ‘ॲक्सिस’. १९३२ साली ही आपल्याकडची जनावरं टेक्सासात आणून सोडली, इथल्या टेकड्यांत ती रमली, वाढली आणि कुंपणं ओलांडून पसरली. काळविटंही त्याच सुमाराला आली. आणि दक्षिण टेक्सासच्या किनाऱ्याकडे तर रोही आहेत, आपल्या शिवारातले रोही!

त्या सकाळी मी एक मादी टिपली, पांढऱ्या शेपटीची. शंभर पावलांच्या आतलं अंतर, खांद्याच्या मागे एकच गोळी. ती जागीच पडली. जवळ जाऊन मी तिच्या अंगावर हात ठेवला, तेव्हा ती अजून ऊबदार होती. मला रडू आलं आणि त्याच वेळी या जनावराचा कणही वाया जाऊ द्यायचा नाही, हेही पक्कं झालं. इथे नोव्हेंबरातही दुपार तापते, म्हणून पोट साफ करून ती लगेच रँचवरच्या थंड खोलीत टांगली. पुढच्या आठवड्यात घरी सावजी रस्सा झाला. मटणाहून कमी चरबीचं, मसाला मुरवून घेणारं असं ते मांस सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं.

परतीच्या वाटेवर सहकाऱ्यानं सांगितलं की त्यांच्या गटात एक जागा रिकामी होतेय. माझ्या डोक्यात तेव्हापासून आकडेच आकडे!

मुळात पैसे भरावेच का लागतात? कारण टेक्सासची ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. गंमत अशी की पांढऱ्या शेपटीचं हरीण जमीनमालकाचं नाही, कायद्यानं ते राज्यातल्या जनतेचं आहे. मालक विकतो ती फक्त कुंपणाच्या आत येण्याची परवानगी. फुकटात किंवा थोडक्यात भागवायचं तर वाटा आहेत. ४८ डॉलरांच्या वार्षिक सार्वजनिक परवान्यावर राज्यभरातल्या सुमारे दहा लाख एकरांचे दरवाजे उघडतात. पूर्व टेक्सासात चार राष्ट्रीय वनं आहेत. काही राखीव क्षेत्रांत सोडत काढून शिकारीला पाठवतात. वर्षातून एकदोनदाच जायचं असेल त्यानं हीच वाट धरावी, किंवा एखाद्या रँचवर दिवसाचे पैसे भरून शिकार करावी. हे मी अगदी मनापासून सांगते.

आता लीजचा हिशेब. आमची जमीन ६०० एकर, एकराला १५ डॉलर, म्हणजे वर्षाचे ९,००० डॉलर. सहा जणांत वाटले की प्रत्येकी १,५००. राज्याचा नियम काहीही मुभा देवो, गटानं स्वतःचा नियम घातला आहे: प्रत्येकाला एक नर आणि दोन माद्या, जास्त नाही. इथलं हरीण लहान चणीचं. एकाचं हाडांविना साधारण बारा किलो मांस निघतं. तिघांचं छत्तीस किलो. म्हणजे किलोला ४० डॉलरांच्या वर, आणि त्यात मका, पेट्रोल, कापणावळ धरलेलीच नाही. मांसासाठी लीज घेणं परवडत नाही, हे कागदावर स्वच्छ दिसतं.

पण कागदावर आणखीही एक गोष्ट दिसते, आणि तिनंच मला वेड लावलंय. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. चितळांना मात्र हंगामच नाही! राज्याच्या लेखी ती परदेशी जनावरं. हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, फक्त परवाना आणि मालकाची संमती लागते. करारात चितळं धरलेली असतील आणि करार बारा महिन्यांचा असेल, तर तेच १,५०० डॉलर दोन महिन्यांवर नाही, अख्ख्या वर्षावर पसरतात. शिवाय चितळाची मादी इथल्या हरिणीहून वजनदार, आणि तिच्या मांसाची चव इथले जुने शिकारी डोळे मिटून वाखाणतात. चितळं चारा-पाल्यात मूळच्या हरणांशी स्पर्धा करतात, त्यामुळे त्यांची संख्या आटोक्यात ठेवणं रानाच्याही भल्याचंच.

म्हणून रँचमालकाला भेटले तेव्हा माझा पहिला प्रश्न चितळांचाच होता. ‘यस मॅम,’ तो म्हणाला, ‘माद्या तुमच्या, नरासाठी वेगळे पैसे.’ मग मी विचारतच गेले. करार हंगामापुरता की वर्षाचा? रानडुकरं मारता येतील का? पाहुणे आणि मुलं आणता येतील का? पाणी आणि वीज कुठवर आहे? गुरं कोणत्या भागात चरतात? शेजारच्या रँचवर किती बंदुका असतात? पैसे घेऊन शिकारीला जमीन देणाऱ्या मालकाला राज्याचा वेगळा परवाना काढावा लागतो. तो त्यानं मी मागायच्या आत दाखवला. करार लेखी. नंतर आम्ही कुंपणाच्या कडेनं पायी फिरलो. त्यानं पाण्याच्या जागा दाखवल्या, नरांनी शिंगं घासून सोललेली खोडं दाखवली. पाऊस हुकला की गुरं विकावी लागतात, म्हणाला, तेव्हा या खंडाच्या पैशावरच जमीन अखंड राहते. ऑस्टिन ज्या वेगानं पसरतंय ते पाहता ६०० एकर एका कुंपणात टिकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

रात्री बाबांना फोन लावला. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रोही आणि रानडुकरं हाकलायला त्यांनी जन्मभर जागली केल्या आहेत. आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं या जनावरांना संरक्षण आहे आणि चितळाला ते असायलाच हवं. बाबांना सगळं सविस्तर सांगितलं. खंडानं जमीन घ्यायची आणि पेरायचं काहीच नाही, हे त्यांना पटेना. ‘मग हाती काय येतं, बेटा?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला कोणत्या धुऱ्यावरून डुकरं येतात ते अंधारातही कळतं ना? मलाही एक रान तसं कळायला हवंय.’ ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘मग एका वर्षात नाही भागायचं. तीन वर्षांचं बोल.’

माझ्या सगळ्या आकडेमोडीचा निकाल या एका वाक्यात आहे! लीजचे पैसे हरणामागे मोजले तर ते नेहमीच जास्त वाटणार. ते मोजायचे त्या रानात घालवलेल्या दिवसांमागे. उन्हाळ्यात पाणवठे पाहायचे, पावसानंतर पायवाटा शोधायच्या, ऑगस्टात मचाण दुरुस्त करायची, मुलांना माग ओळखायला शिकवायचं आणि मग नोव्हेंबरात, जिथे बसायचं ती जागा स्वतः ठरवून बसायचं. सार्वजनिक रानात शिकार मिळेल, पण त्याच ओढ्यावर सगळे ऋतू आपल्या हक्कानं पाहायला मिळणार नाहीत.

तर मी जागा घेतली! मालकाशी तीन वर्षांचं बोलणं झालं आहे, दर तोच ठेवून. तुम्ही इकडे राहत असाल आणि मनात चलबिचल असेल, तर आधी कॅलेंडर उघडा. वर्षभरातले पुष्कळ शनिवार रानाला देता येत नसतील तर ४८ डॉलरांचा परवाना काढा आणि निर्धास्त राहा. देता येत असतील तर हंगाम संपल्या संपल्या, फेब्रुवारीतच चौकशीला लागा. गटांतल्या जागा तेव्हाच रिकाम्या होतात. जमीन स्वतः पायाखालून घाला, करार लेखी घ्या आणि चितळांचं कलम त्यात आहे ना, हे सही करण्याआधी नक्की पाहा!