तगरीवरचा पतंग

शुभवर्तमानात प्रभूने कसरीचा उल्लेख केला आणि साऱ्या पतंगकुळाला आपण नासधूस करणारे ठरविले. वस्तुतः लोकर कुरतडणाऱ्या जाती अगदी मोजक्या. त्यांतही खाते ती अळीच.

मीरा रोडला आमच्या चर्चच्या आवारातील तगरीवर पावसाळ्यात बोटाएवढी हिरवी अळी दिसते. डोक्यामागे दोन निळसर डोळे. तेही खोटे, शत्रूला भिवविण्यापुरते. पालापाचोळ्यात कोश करून तिचा हिरव्या संगमरवरासारखा पतंग होतो आणि तिन्हीसांजेनंतर फुलांतील मध टिपीत हिंडतो.

कवींनी पतंगाला ज्योतीचा वेडा प्रियकर मानले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने निराळेच दाखविले. उडणारे कीटक उजेडाकडे पाठ ठेवतात, कारण रात्रीही आकाश जमिनीहून उजळ असते. जवळ दिवा असला की वरची दिशा कोणती हेच त्यांना उमगत नाही आणि ते घिरट्या घालीत थकतात. तगरीवरचा पतंग त्या प्रयोगात फसला नाही. इतर बहुतेक फसले.

तेव्हा दोष आपल्या दिव्यांचा आहे. आवारातील फाटकावरचा दिवा सुरक्षेसाठी हवाच. बाकीचे मी रात्री दहानंतर मालवितो. वाचकहो, काम नसेल तेव्हा गॅलरीतील दिवा आपणही मालवावा, एवढीच विनंती.